मुलांची दुर्बीण-तपासणी : गुंगी की भूल?



पोटाची तक्रार घेऊन मूल मोठ्या दवाखान्यात गेले आणि "तोंडातून दुर्बीण घालून पाहावे लागेल" असे डॉक्टर म्हणाले, की आईबापांच्या काळजात धस्स होते. तपासणीची भीती वाटतेच, पण त्याहून जास्त भीती वाटते ती भुलीची. "एवढ्याशा लेकराला भूल? ते पुन्हा उठेल ना?" असे आई विचारते. "थोडीशी गुंगी देऊन भागणार नाही का, साहेब?" असे वडील म्हणतात. आणि आजी म्हणते, "औषध कशाला? आम्ही हातपाय धरू की!" हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. आज त्यांचाच थोडा विचार करू.

ही दुर्बीण म्हणजे एक लवचीक नळी. तिच्या टोकाला दिवा आणि बारीक कॅमेरा असतो. तान्ह्या मुलांसाठी ती पेन्सिलीपेक्षाही बारीक मिळते. तोंडातून घशात, घशातून अन्ननलिकेत आणि तेथून जठरात ती जाते. नुसते पाहायचे असेल तर काम दहा-पंधरा मिनिटांत उरकते. नाणे अडकले, रक्ताची उलटी झाली, ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा पोटात गेला, गहू पचत नसल्याची शंका आली, तर ही तपासणी करावी लागते. आतून चिमटीने तीळभर तुकडा काढला तरी तो दुखत नाही, कारण जठराच्या आतल्या अस्तराला तशी वेदना कळत नाही. खरा त्रास होतो तो घशात. मळमळते, ओकारी येते आणि मूल घाबरते. घाबरलेले मूल हिसका देते, आणि त्या हिसक्याने इजा होऊ शकते.

म्हणून आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. काही महिन्यांच्या बाळाला दुपट्यात गुंडाळून, साखरपाण्याचे बोट देऊन कधी कधी ही तपासणी औषधाशिवाय उरकता येते. तेरा-चौदा वर्षांची समजूतदार मुलगीही घशात बधिर करणारा फवारा मारून ती सहन करू शकते, मात्र ती आपण होऊन तयार असली पाहिजे. पण दोन वर्षांपासून दहा-अकरा वर्षांपर्यंतच्या मुलाला चौघांनी दाबून धरणे बरे नव्हे. तपासणी नीट होत नाही, आणि मुलाच्या मनात दवाखान्याची अशी धास्ती बसते की पुढे साध्या सुईलाही ते जवळ येऊ देत नाही. या वयाला काहीतरी औषध लागतेच. प्रश्न एवढाच, की कोणते आणि किती.

आता गुंगी आणि भूल यांत फरक काय? आपल्याकडच्या जुन्या बारवा आपण पाहिल्या असतील. पायऱ्या उतरत उतरत पाण्यापर्यंत जातात. पहिल्या पायरीवर मूल जागे असते, फक्त शांत असते. दुसरीवर डोळे मिटतात, पण हाक मारली की ते 'ओ' देते. तिसरीवर हाकेला ओ नाही. चांगले हलवले, चिमटा काढला, तरच हालचाल होते. आणि तळाशी पूर्ण भूल, तेथे चिमट्याचीही दाद नाही. वरच्या दोन पायऱ्यांना गुंगी म्हणू, तिसरीला गाढ गुंगी म्हणू. मेख अशी, की या पायऱ्या शेवाळलेल्या आहेत. आपण दुसरीवर थांबायचे म्हणून औषध देतो, आणि मूल न सांगता तिसरीवर घसरते. जसजसे खाली जावे, तसतसा श्वास मंदावतो, जीभ मागे पडून वाट अडते.

मोठ्या माणसापेक्षा मुलाला हा धोका अधिक, आणि त्याला कारणे आहेत. मुलाची श्वासाची वाट अरुंद असते, जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते, आणि पुष्कळांचे टॉन्सिल वाढलेले असतात. शिवाय वजनाच्या मानाने मुलाचे शरीर प्राणवायू जास्त खर्च करते. म्हणजे मडके लहान आणि गळती मोठी. श्वास अडला तर मोठ्या माणसाला जेवढी सवड मिळते, तेवढी मुलाला मिळत नाही. त्यात दुर्बीण त्याच घशातून गेलेली असते, आणि तपासणीसाठी पोटात हवा भरल्याने छातीखालचा पडदा वर दाबला जातो.

हे ध्यानात ठेवून आता एकेक औषध पाहू.

पहिले मिडॅझोलॅम. हे तोंडाने, नाकातून किंवा शिरेतून देता येते. तोंडाने दिले तर पंधरा मिनिटे ते अर्ध्या तासात मूल सैल पडते. याचा मोठा गुण म्हणजे मुलाला नंतर फारसे आठवत नाही. पण ते वेदना कमी करीत नाही, आणि एकट्याने पुष्कळदा लहान मुलाला पुरत नाही. काही मुलांत तर उलटाच परिणाम होतो. शांत होण्याऐवजी मूल किंचाळते, लाथा झाडते. अशा वेळी "डोस कमी पडला" म्हणून आणखी औषध ओतण्यात धोका असतो. याच्या जोडीला फेंटॅनिल देतात. ते वेदना मारते. परंतु दोन्ही औषधे श्वास मंद करतात, आणि दोन्ही मिळून फार मंद करतात. समाधानाची गोष्ट ही, की दोघांनाही उतारा आहे. मिडॅझोलॅमला फ्लुमाझेनिल आणि फेंटॅनिलला नॅलोक्झोन. हे उतारे त्या खोलीत, हाताशी असले पाहिजेत.

दुसरे केटामाइन. १९६२ साली ते प्रथम तयार झाले आणि १९६४ साली माणसांवर त्याचा पहिला प्रयोग झाला. हे औषध निराळ्याच जातीचे आहे. डोळे उघडे असतात, पण मन जणू शरीरापासून सुटून दूर जाते. वेदना कळत नाही, आणि बहुधा श्वास व रक्तदाब टिकून राहतात. स्वस्त आहे, म्हणून साधने थोडी असतात तेथे याचा मोठा आधार वाटतो. पण याने लाळ सुटते, आणि क्वचित स्वरयंत्र एकदम आवळून श्वास बंद होतो. घशात दुर्बीण असताना ही गोष्ट विशेष जपावी लागते. शुद्धीवर येताना काही मुलांना ओकाऱ्या होतात, काहींना भलतेसलते भास होऊन ती रडतात. त्या वेळी दंगा नको, उजेड मंद हवा आणि आई जवळ हवी.

तिसरे प्रोपोफॉल. दुधासारखे पांढरे, शिरेतून द्यायचे. इंग्लंडात १९८६ साली ते वापरात आले. याचा शोध लावणारे जॉन ग्लेन हे मूळचे गुराढोरांचे डॉक्टर, हे ऐकून शेतकरी बंधूंना मौज वाटेल. त्या कामाबद्दल २०१८ साली त्यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. हे औषध शिरेत गेले की मिनिटाच्या आत झोप लागते, आणि थांबवले की थोड्याच मिनिटांत मूल डोळे उघडते. डोके जड राहत नाही, ओकाऱ्याही कमी. दुर्बीण-तपासणीला याहून सोयीचे औषध मिळणे कठीण. मग सर्वांनी हेच का देऊ नये? कारण याला उतारा नाही. पुरेशी मात्रा आणि जास्त मात्रा यांतले अंतर अगदी थोडे. चार थेंब जास्त गेले की श्वास थांबू शकतो, आणि मग तो परिणाम ओसरेपर्यंत कोणीतरी मास्क लावून मुलाला श्वास द्यावा लागतो. म्हणून हे औषध भूलतज्ज्ञाच्या, किंवा बंद पडलेला श्वास चालू ठेवण्यात तरबेज असलेल्या डॉक्टरच्या हातीच शोभते.

चौथी, पूर्ण भूल. शिरेतून औषध देऊन, किंवा मास्कमधून सेव्होफ्लुरेन नावाचा वायू हुंगवून मूल झोपवतात. हुंगवण्यात जागेपणी सुई टोचावी लागत नाही. मग बहुधा श्वासनळीत एक नळी बसवतात. त्यामुळे श्वासाची वाट बांधून घेतल्यासारखी होते, आणि पोटातले काही वर आले तरी फुफ्फुसात जात नाही. याला यंत्र लागते, भूलतज्ज्ञ लागतो, वेळ व खर्च अधिक लागतो. जागे झाल्यावर घसा खवखवतो. बालवाडीच्या वयाची काही मुले काही मिनिटे कावरीबावरी होऊन रडतात, आईलाही ओळखत नाहीत. ते आपोआप शमते.

आता वडिलांचा प्रश्न. "थोडीशी गुंगी" म्हणजे कमी धोका, आणि "पूर्ण भूल" म्हणजे जास्त धोका, असे आपण धरून चालतो. पण खरा हिशेब तसा नाही. नळी बसवून, भूलतज्ज्ञाच्या नजरेखाली दिलेली पूर्ण भूल ही, कोणाचे लक्ष नसताना दिलेल्या गुंगीपेक्षा पुष्कळ सुरक्षित असते. युरोपातील मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांच्या आणि दुर्बीणतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१७ साली मिळून सूचना केली, की मुलांची दुर्बीण-तपासणी पूर्ण भुलीत करावी, आणि ती सोय नसेल तरच काटेकोर देखरेखीत गाढ गुंगी द्यावी. आपल्याकडे प्रत्येक ठिकाणी भूलतज्ज्ञ लगेच मिळत नाही, हे खरे. म्हणून मूल कोण, काम कोणते आणि हाताशी माणसे कोण, हे पाहून ठरवावे लागते. चार उदाहरणे घेऊ.

समजा, चौदा वर्षांची धडधाकट मुलगी आहे, गहू पचत नसल्याची शंका आहे, आणि तिला सर्व समजावून सांगितले आहे. तिला फवारा आणि हलकी गुंगी पुरेल. समजा, सहा वर्षांचा मुलगा आहे, पोट वरचेवर दुखते, बाकी प्रकृती ठीक, आणि उपाशी आला आहे. त्याला भूलतज्ज्ञाने दिलेले प्रोपोफॉल उत्तम. तिसरे, चार वर्षांच्या मुलाने नाणे गिळले आणि ते अन्ननलिकेत अडकले. येथे नाणे वर ओढताना निसटून श्वासनळीच्या तोंडावर पडण्याची भीती असते, म्हणून नळी घालून पूर्ण भूल दिलेली बरी. चौथे, यकृताकडे जाणारी मोठी शीर बंद पडल्यामुळे मूल रक्त ओकते आहे. जठरात रक्त भरलेले. येथेही नळीवाचून गत्यंतर नाही. "थोडीशी गुंगी द्या" असा आग्रह आईबापांनी अशा वेळी धरू नये.

एक गोष्ट मध्येच सांगतो. नाणे गिळले आणि मुलाला काही त्रास नसला, तर काही तास वाट पाहता येते, बहुधा चोवीस तासांच्या आत ते काढतात. पण घड्याळातली किंवा खेळण्यातली चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतच आतला भाग जळू लागतो. तेथे पोट रिकामे होण्याची वाट पाहायची नसते. ओकारी काढू नये, तडक दवाखाना गाठावा. गुरुजी आणि बाई, वर्गात असा प्रकार घडला तर शाळा सुटेपर्यंत थांबू नका.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. ते पुन्हा उठेल ना? येथे थोडा इतिहास सांगतो. हैदराबाद संस्थानात, ज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता, १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मविषयी दोन चौकशी-समित्या बसल्या. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो आधी हृदय थांबून की आधी श्वास थांबून, हा वाद होता. निजामाच्या खर्चाने आणि डॉक्टर एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने जनावरांवर शेकडो प्रयोग झाले. समितीने निर्वाळा दिला, की श्वास आधी थांबतो, म्हणून भूल देणाऱ्याने श्वासावर डोळा ठेवावा. त्याच काळात हैदराबादेत शिकून रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई रुग्णांना क्लोरोफॉर्म देण्याचे काम करू लागल्या. जगातल्या पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांचे नाव घेतात. पुढे असे सिद्ध झाले की क्लोरोफॉर्म हृदयही एकाएकी थांबवू शकतो, आणि ते औषध मागे पडले. परंतु श्वासावर डोळा ठेवण्याचा धडा मात्र आजही खरा आहे.

आज त्या डोळ्याला यंत्रांची जोड मिळाली आहे. बोटाला लावायची चिमटी, म्हणजे ऑक्सिमीटर, २०२० च्या कोरोनाच्या साथीत आपण गावोगाव पाहिली. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली तिची कल्पना मांडली. रक्तातला प्राणवायू उतरला की ती सांगते. पण मुलाला वरून प्राणवायू चालू असेल तर ती उशिरा सांगते. त्याहून लवकर सांगणारे यंत्र म्हणजे कॅप्नोग्राफ. बाहेर पडणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची रेघ ते पडद्यावर काढते. श्वास थांबला की रेघ तत्काळ सपाट होते. तरीही यंत्राकडे पाहणारे माणूस लागतेच. जो डॉक्टर दुर्बीण चालवतो त्याचे डोळे पडद्यावर गुंतलेले असतात, त्याच्याकडून श्वासाची राखण होत नाही. गाढ गुंगीत तेवढ्याच कामासाठी वेगळे शिकलेले माणूस हवे. शेत राखणाऱ्याला कोणी मोट हाकायला लावत नाही, तसेच हे आहे.

काही आईबाप विचारतात, "भुलीने मूल मंद होते का?" २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, तो तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलीबाबत होता. तान्ह्या मुलांना तासाभराच्या आतली एकच भूल दिल्यावर ती पाच वर्षांची झाली तेव्हा त्यांची बुद्धी तपासली गेली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फरक आढळला नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या तपासणीसाठी ही चिंता मनात धरून उपचार लांबवू नये.

डॉक्टरांचे काम सांगितले. आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो, आणि ते थोडे नाही. पहिले उपाशी राहणे. गुंगीत ओकारी झाली आणि ती फुफ्फुसात गेली, तर चांगले मूल हकनाक संकटात पडते. म्हणून आठ, सहा, चार, दोन हे आकडे लक्षात ठेवा. तळलेले, तुपातले जड जेवण आठ तास आधी. हलके खाणे आणि गाई-म्हशीचे किंवा पावडरचे दूध सहा तास आधी. अंगावरचे दूध चार तास आधी. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, आणि ते जरूर द्यावे, उगाच तहानलेले ठेवू नये. चहात दूध असते, म्हणून तो पाण्यात धरायचा नाही. ताक आणि पेज यांचेही तसेच. दवाखान्याने याहून वेगळ्या वेळा सांगितल्या तर त्या पाळाव्या. आणि लेकराचा जीव कळवळतो म्हणून कोणी गुपचूप बिस्कीट दिले असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे. कोणी रागावणार नाही. तपासणी काही तास पुढे जाईल, एवढेच.

दुसरे, काही लपवू नये. पडसे, खोकला, ताप, दमा, झोपेत जोराने घोरणे, आधीच्या भुलीत झालेला त्रास, घरात कोणाला भूल बाधली असल्यास ते, चालू असलेली औषधे, मग ती झाडपाल्याची का असेनात, सर्व सांगावे. पडसे असलेल्या मुलाचा घसा चटकन आवळतो. तपासणी तातडीची नसेल तर डॉक्टर ती पुढे ढकलतील. एस.टी.चे भाडे वाया गेले म्हणून मन खट्टू करू नये. तसेच घरून निघताना "वाटेत शांत राहील" म्हणून झोपेचे औषध पाजू नये. वाटेत श्वास अडला तर तेथे कोण आहे?

तिसरे, मुलाशी खोटे बोलू नये. "जत्रेला चाललो" म्हणून नेलेले मूल टेबलावर आभाळ डोक्यावर घेते. "डॉक्टर झोपेचे औषध देतील, तू झोपशील, मी दाराशी असेन," एवढे सांगावे. शांत मुलाला औषधही कमी लागते. सुई टोचण्याच्या जागी तासभर आधी लावायचे बधिर करणारे मलम मिळते, ते मागून घ्यावे. मुलाचा ज्यांच्यावर विश्वास असतो अशा गुरुजींनी आदल्या दिवशी दोन शब्द बोलले तर फार उपयोग होतो.

चौथे, परतीचा प्रवास. मूल पुरते जागे होऊन पाणी प्यायल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच निघावे. घशात फवारा मारला असेल तर बधिरपणा जाईपर्यंत खायला देऊ नये. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये पेंगते मूल बसवू नये. मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली की त्याची श्वासाची वाट मिटते, आणि ते आपल्या ध्यानीही येत नाही. एकाने निव्वळ मुलाकडे पाहत बसावे. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सायकल, झाड, विहीर, पोहणे बंद. मूल दुसऱ्या दिवशी शाळेत आले तर गुरुजींनी त्याला कवाईत सांगू नये. श्वासाला त्रास, हाक मारून न उठणे, सतत ओकारी, रक्त, छाती-पोटात जोराची कळ किंवा ताप, यांपैकी काही दिसले तर लगेच परत न्यावे.

शेवटी, सही करण्यापूर्वी डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्या. गुंगीचे औषध कोण देणार? मुलाच्या श्वासावर लक्ष ठेवायला वेगळे माणूस आहे का? प्राणवायू, घसा साफ करणारे शोषकयंत्र आणि मुलांच्या मापाचे मास्क व नळ्या खोलीत आहेत का? आणि नंतर किती वेळ देखरेखीत ठेवणार? यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगला डॉक्टर आनंदाने उत्तर देतो. उत्तरे समाधानाची नसली आणि काम तातडीचे नसले, तर मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागावी. चार दिवस उशीर झाला तरी चालेल, पण जेथे श्वासाची राखण नाही तेथे मुलाला गुंगी देऊ नये.